यांना झोप लागते का?

गेल्या वर्षी आईला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलेली. दोन-तीन महिन्यांपासून तिला दम लागत होता, जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबावं लागत होतं. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला, नाडी बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यांना झोप लागते का?"

आणि मी उत्तर दिलं. "लागते, पण पहाटे लवकर जाग येते." आई शेजारच्या स्टुलावर बसलेली, आणि तिच्या झोपेबद्दल आम्ही दोघं पुरुष बोलत होतो. "वय झालंय, चालायचंच," असं म्हणून टॉनिक मिळालं. महिन्याभराने दुसरीकडे रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्याही खाली. गुडघा दुखतो म्हणून ती मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी सहा महिने रोज घेत होती. त्या गोळ्यांनी पोटात व्रण झाला होता आणि त्यातून थोडंथोडं रक्त जात होतं. गोळ्यांचं तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं मला, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

त्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळं होता येईल, पण मग माझं काय? दम लागतोय म्हणाली तेव्हा मीही आधी "वयच झालं गं आता" असंच म्हटलं होतं. हा लेख त्या 'वयच झालं'बद्दल आहे.

वय झाल्यावर शरीरात बदल होतात यात वाद नाही. त्वचा सुकते, डोळ्यांतलं भिंग कडक होतं, स्नायू बारीक होतात, झोप हलकी होते. पण रक्त कमी होणं हा वयाचा भाग नाही, तो आजार आहे आणि त्याला कारण असतं. सतत उदास वाटणं वयाचा भाग नाही. चालताना तोल जाणं, लघवी न धरता येणं, एकाएकी गोंधळल्यासारखं वागणं, या सगळ्यामागे कारणं असतात आणि पुष्कळ वेळा उपायही असतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं किंवा थायरॉइड मंदावली की माणूस विसरभोळा होतो. रक्तातलं सोडियम उतरलं किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला की काल नीट बोलणारे आजोबा आज घरातल्यांना ओळखेनासे होतात आणि उपचार झाले की बहुतेक वेळा पुन्हा ओळखायला लागतात. 'वय' हे निदान एकदा लिहिलं की पुढचं शोधणं थांबतं. म्हाताऱ्यांच्या डॉक्टरांमध्ये एक जुना विनोद सांगतात. उजवा गुडघा दुखतो म्हणून आलेल्या आजोबांना डॉक्टर म्हणतात, "नव्वदी गाठलीत, दुखणारच." आजोबा म्हणतात, "डावाही नव्वदीचाच आहे. तो नाही दुखत."

माणसाची मेहनत वाचावी म्हणून मेंदू साचे तयार करतो. पांढरे केस दिसले की एक साचा उघडतो आणि समोरचा माणूस त्यात ओतला जातो: कानांनी अधू, मोबाइल जमत नाही, जुन्या गोष्टी सांगणार, हट्टी, प्रेमळ, देवदेव करणारा. साचा शंभर टक्के खोटा असतो असं नाही, पण तो समोरच्या माणसाकडे बघायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा होतो. जातिभेद आणि लिंगभेद जसे, तसाच वयभेद. इंग्रजीत त्याला एजिझम म्हणतात. हा शब्द १९६९ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने वापरात आणला. वॉशिंग्टनच्या एका सुखवस्तू भागात गरीब वृद्धांसाठी घरं करायचं घाटत होतं आणि आजूबाजूचे रहिवासी खवळले होते. या प्रकरणावर बटलर यांची मुलाखत घ्यायला आलेला तरुण बातमीदार म्हणजे कार्ल बर्नस्टीन, पुढे अमेरिकेच्या अध्यक्षांना पायउतार व्हायला लावणारं वॉटरगेट प्रकरण बाहेर काढणाऱ्या दोघांपैकी एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वयभेदावर मोठा अहवाल काढला. त्यात जगातल्या दर दोन माणसांमागे एकाच्या मनात वृद्धांबद्दल असे पूर्वग्रह असल्याचं म्हटलं आहे.

आपल्याकडे लोक लगेच म्हणतील, ते तिकडचं, इथे आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. पडतो खरं. पण 'साठी बुद्धी नाठी' ही म्हणही आपलीच, आणि 'म्हातारचळ' हा शब्दही. विशीतल्या मुलाला प्रेमात पडल्याबद्दल चिडवतात. सत्तरीतल्या विधुराने सोबतीण शोधली तर त्याला म्हातारचळ लागतो, आणि विधवेने शोधला तर काय म्हणतात ते लिहवत नाही.

सुझन फिस्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी साच्यांचा अभ्यास करताना दोन प्रश्न धरले: हा माणूस प्रेमळ वाटतो का, आणि हा माणूस कर्तबगार वाटतो का? वृद्धांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एकच जोडी आली, प्रेमळ पण निकामी. मला वाटतं आपल्याकडे पाया पडण्याचं आणि बाजूला बसवण्याचं इतकं छान जमतं ते याच जोडीमुळे. लग्नात आजीला पुढच्या खुर्चीत बसवतात, शाल पांघरतात, फोटो काढतात. हॉल कुठला घ्यायचा हे मात्र तिला कुणी विचारलेलं नसतं. शिवी दिली तर माणूस उलटून बोलेल, पण आदराला उलटून काय बोलणार?

आधी स्मरणशक्तीचं बघू, कारण साठी आणि बुद्धी यांचं वैर तिथेच सांगतात. मेंदूचं सगळं काम एका वेगाने उतरत नाही. झटपट हिशेब, नवी नावं लक्षात ठेवणं, एकाच वेळी तीन गोष्टींवर लक्ष ठेवणं, यांचा वेग तरुणपणीच हळूहळू कमी व्हायला लागतो, अगदी तिशीपासून. उलट शब्दसंग्रह, जगाची माहिती, अनुभवावरून अंदाज बांधणं हे साठीपर्यंत, काहींचं सत्तरीपर्यंत वाढत जातं. भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण किती, याचा देशभरातल्या पाहणीवरून काढलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला: ७.४ टक्के, म्हणजे शंभरात सात-आठ. देशाच्या आकाराने बघितलं तर ही संख्या प्रचंड आहे आणि ऐंशीनंतर प्रमाण वाढतं. पण उरलेल्या ब्याण्णव जणांनाही आपण त्याच नजरेने बघतो.

मी कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधला तर घरात म्हणतात, "कामाचं टेन्शन आहे त्याला." आईने तेच केलं तर दोघं एकमेकांकडे बघतात. विसरणं तेच, अर्थ वेगळा. आणि या बघण्याचा परिणाम होतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना आणि वृद्धांना किरकोळ माहितीची काही वाक्यं दिली, त्यातली कुठली खरी आणि कुठली खोटी हे नंतर सांगायचं होतं. ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे असं ज्या गटाला बजावलं तिथे वृद्ध मागे पडले. दुसऱ्या गटाला तीच कामगिरी दिली, फक्त 'स्मरणशक्ती' हा शब्द काढून टाकला, तर तरुण आणि वृद्ध यांच्यातला फरक गेला. तुमच्या नावाला लागलेला शिक्का कुणी आठवून दिला की अर्धं लक्ष त्या शिक्क्याच्या धास्तीत जातं.

मग काळजी कधी करायची? चावी कुठे ठेवली हे विसरलं तर नाही. चावी कशासाठी असते हे विसरलं तर करावी. रोजच्या रस्त्यावर चुकणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न चौथ्यांदा विचारणं, वर्षानुवर्षं केलेल्या स्वयंपाकाचा क्रम चुकणं, स्वभाव पालटणं, हे दिसलं तर डॉक्टरांकडे जावं, आणि ते 'वयोमानानुसार' म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे.

आता बोलण्याचं. मराठीत हा मामला फार गंमतीचा आहे, कारण आपल्याकडे आजीला 'तू' म्हणतात आणि वडिलांना 'अहो'. त्यामुळे रुग्णालयात कुणी मुलगी येऊन "आजी, हात वर कर बघू" म्हणाली तर तो आपलेपणा की उद्धटपणा, हे पटकन कळत नाही. शिवाय आपल्या भाषेत एक खास 'आपण' आहे. "आपण गोळी घेतली का?" "आपण आता शहाण्यासारखं जेवायचं हं." यातला 'आपण' गोळीही घेत नाही आणि जेवतही नाही. वाक्याच्या शेवटी 'हं' लावायचं, आवाज चढा पण लाडिक करायचा, ही आपण दोन वर्षांच्या पोरांसाठी राखून ठेवलेली भाषा. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत चित्रीकरण करून केलेल्या एका अभ्यासात दिसलं की अशा बाळबोलीत बोललं की स्मृतिभ्रंश झालेले लोक अंघोळ किंवा कपडे बदलायला जास्त विरोध करतात, साधं मोठ्या माणसासारखं बोललं की कमी. शब्द कळेनासे झाले तरी सूर कळत असावा.

ओरडण्याचंही तसंच. वाढत्या वयात कानाची आधी वरच्या पट्टीतल्या आवाजांची ताकद जाते. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं या वरच्या पट्टीत असतात, स्वर खालच्या. म्हणजे आवाज ऐकू येतो पण शब्द सुटत नाहीत. 'साठ' मधला 'स' हरवला की 'आठ' उरतं. औषधाच्या दुकानात किंवा बँकेत हा फरक लहान नाही. आपण ओरडलो की स्वर आणखी फुगतात आणि व्यंजनं होती तिथेच राहतात, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. त्यापेक्षा मिक्सर किंवा टीव्ही बंद करावा, समोर येऊन तोंड दिसेल असं बसावं, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोलावं. हे करायला दहा सेकंद लागतात. पण साचा सांगतो की त्यांना समजत नाही, आणि ऐकू न येणं हळूहळू 'न समजणं' म्हणून खपून जातं.

'यांना मशीन जमत नाही' हेही असंच. रेशन दुकानात अंगठा लावायचं यंत्र असतं, तिथे थोडा वेळ उभं राहून बघा. म्हातारी बाई अंगठा ठेवते, यंत्र नाही म्हणतं. ती पदराला पुसून पुन्हा ठेवते. मग दुसरं बोट. मागची रांग सुस्कारे टाकते आणि कुणीतरी म्हणतं, "आजी, नीट दाबा." पण चूक दाबण्यात नसते. आयुष्यभर भांडी घासून, खुरपं धरून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, कातडी कोरडी झालेली असते, आणि वाचणारं यंत्र या रेषांवरच चालतं. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना हीच अडचण यायची. म्हणून २०२१ पासून चेहरा ओळखून दाखला द्यायची सोय केंद्र सरकारने आणली. यंत्र बदललं तसा माणूस एकदम 'जमणारा' झाला.

मोबाइलचा पडदा बोटातल्या ओलाव्यातून जाणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालतो, त्यामुळे कोरड्या बोटाचा स्पर्श कधीकधी त्याला कळतच नाही. कळला नाही म्हणून माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो, तर ते 'लाँग प्रेस' होऊन भलताच मेनू उघडतो. विशीच्या मानाने साठीत डोळ्याच्या आतल्या पडद्यावर साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि आपली ॲप्स पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत लिहिलेली. तीस सेकंदांत ओटीपी टाकायचा. एवढं सगळं झाल्यावर आपण म्हणतो, जुनी पिढी, शिकायची इच्छाच नाही. कारखान्यातलं उदाहरण आहे: बीएमडब्ल्यूने २००७ साली जर्मनीतल्या एका जुळणी विभागात मुद्दाम वयाने मोठे कामगार घेतले आणि त्यांनाच विचारून सत्तर बारीक बदल केले. लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, मोठं करून दाखवणारी भिंगं. सगळा खर्च सुमारे चाळीस हजार युरो. वर्षभरात उत्पादन सात टक्क्यांनी वाढलं.

आमच्या घरातलं यंत्र म्हणजे विळी. आईला अशक्तपणा आला तेव्हा आम्ही काळजीने विळी माळ्यावर टाकली आणि तिला सुरी व चॉपिंग बोर्ड आणून दिला. "आणि शक्यतो तू चिरूच नकोस, आराम कर." ती भेंडी चिरायला बसली की वेळ लागे, तुकडे लहानमोठे होत, एकदा बोट कापलं. आम्ही म्हणालो, बघ, हात थरथरतो तुझा. पंचावन्न वर्षं विळीवर बसलेल्या बाईच्या हाती नवीन हत्यार दिलं होतं आणि तिचं नवखेपण आम्ही म्हातारपण म्हणून मोजत होतो. मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी वृद्धाश्रमांत वर्षानुवर्षं हेच टिपलं होतं. माणूस स्वतःचं स्वतः करत असला की त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि हात पुढे करून मदत मागितली की लगेच माणसं धावतात. मग साहजिकच तो हात पुढे करायला शिकतो. प्रेमाने केलं तरी होतं ते हेच.

सर्वांत अवघड साचा मात्र आपल्या स्वतःच्या आत असतो. बाकीचे भेदभाव करणारे आणि सोसणारे सहसा वेगळे असतात, इथे जगलोवाचलो तर प्रत्येकाला दुसऱ्या बाजूला जायचं आहे. पाच वर्षांचा असताना 'म्हातारी कामाची नसते' हे गोष्टींतून, विनोदांतून आत गेलेलं असतं, आणि साठीला तेच आपल्यावर उलटतं. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओहायो राज्यातल्या एका गावातली पन्नाशीपुढची ६६० माणसं, त्यांना वीसेक वर्षांपूर्वी स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते विचारलेलं होतं. ज्यांना बरं वाटत होतं ती माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. आधीची तब्येत, पैसाअडका, एकटेपणा यांचा हिशेब धरूनही फरक राहिला. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम पूर्ण सिद्ध होत नाही हे खरं. पण 'आता काय राहिलंय' म्हणणारा माणूस फिरायला जाणं, डॉक्टरांना दात दाखवणं, मोतीबिंदू काढणं हे सगळं पुढे ढकलतो, एवढं आपल्या डोळ्यांना दिसतंच. आणि ढकलायचं कारण नसतं: बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या लोकांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा जोरदार व्यायाम करून घेतला (देखरेखीखाली, हे महत्त्वाचं). त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा निकाल १९९० साली छापून आला, तरी आपल्याकडे अजून सत्तरीच्या माणसाला "जपून, वजन उचलू नका" हाच सल्ला मिळतो.

इथे उलट्या साच्यापासूनही सावध राहायला हवं. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. महाराष्ट्र सरकारचे बहुतेक कर्मचारी आज त्याच वयात निरोपाचा नारळ घेतात. एकाहत्तराव्या वर्षी ते जगप्रवासाला निघाले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवीन संस्था काढली. वाचून छाती फुगते. पण दमलेल्या माणसाला कर्व्यांचं माप लावून "तुम्ही बघा कसे बसून राहता" म्हणणं हाही जुलूमच. साठ ते शंभर या चाळीस वर्षांना आपण 'ज्येष्ठ' अशी एकच पाटी लावतो. वीस ते साठ यांना लावू का? 'ज्येष्ठां'मध्ये पेन्शनर साहेबही येतात आणि सत्तरीतही ऊस तोडायला जाणारी विधवाही. आपल्या देशात साठीपुढच्या साधारण तिघांतला एक जण अजून कमावता आहे, बहुतेकांना पेन्शन नावाची गोष्ट नाही. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली तेव्हा 'म्हातारे नुसते फुकट फिरतात' असे विनोद सुरू झाले. लेकीकडे जायलाही जे पैसे मोजत बसायचे ते आता जातात, एवढाच त्याचा अर्थ.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या बायका, अंगावर गुलाबी साड्या, पाठीला दप्तर. त्यांचे फोटो जगभर गेले आणि सगळीकडे एकच सूर होता: किती गोड! मला तो सूर खटकतो. प्रेमळ पण निकामीतला 'प्रेमळ' तेवढा उचलला गेला. या बायकांना सहाव्या वर्षी शाळेत कुणी घातलं नाही, त्या वेळी त्या भाताच्या खाचरात किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन होत्या. पोथी स्वतः वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी असं वाटत होतं, संधी आली तेव्हा त्यांनी घेतली. त्यात गोड काय?

घरात काय करता येतं? मी हे करायला लागलोय, जमतं तितपत. आईबद्दलचा प्रश्न कुणी मला विचारला की मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघतो, दोन क्षण अवघडलेली शांतता होते आणि मग ती बोलते. मदत करण्याआधी विचारतो, आणि 'नको' म्हणाली तर नको. नातवंडांना 'आजीला नमस्कार कर' एवढ्यावर न सोडता आजीसोबत काहीतरी काम देतो, कारण साचा मोडायला भाषणापेक्षा एकत्र काम करणं उपयोगी पडतं, असं पूर्वग्रहांवरचं संशोधनही सांगतं. माझी मुलगी तिच्याकडे बीजगणित शिकते आणि तिला रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढायला शिकवते. दोघींची भांडणं होतात. मी मध्ये पडत नाही. स्वतःला मात्र 'आपलं आता वय झालं' म्हणताना अजून रोज पकडतो, आणि मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

हिमोग्लोबिन अकराच्या वर गेल्यावर एक दिवस ऑफिसातून आलो तर विळी स्वयंपाकघरात, आई पाटावर. शेजारच्या मुलाला स्टुलावर चढवून तिने ती माळ्यावरून काढून घेतली होती. नारळाचं अर्धं भकल दोन्ही हातांत फिरवत ती खवत होती, खाली ताटात पांढरा ढीग. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "उजेडात उभा आहेस. बाजूला हो."